लाल ठिपका

टबातला खेकडा निपचित पडलेला पाहून तो मेला, असंच स्नेहलला वाटलं. सासूबाईंनी पनवेलच्या खाडीतून नातीला पाळायला आणून दिलेला तो चुकून कालवणात जाऊ नये म्हणून लेकीने त्याच्या पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. शाळेतून आली की भिंग घेऊन ती टबापाशीच बसायची. आता तिची यायची वेळ झाली होती. स्नेहल लातूरची, खेकडा दिसला तरी खुर्चीवर चढणारी. पण तिने कालवणासाठी आणलेल्यांतला तसाच एक उचलला, त्यालाही ठिपका दिला. टबात सोडणार, तोच सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. “सोडू नको. मेला नाय तो, कात टाकलीय. हे नुसतं कवच. तो बग, दगडाखाली मऊ होऊन बसलाय. तुझ्या हातातला खाईल त्याला.” लेक दप्तरासकट दारात उभी होती. तिने टबाकडे पाहिलंच नाही. “आई, तू खेकडा हातात धरलायस?”