पत्र्याच्या डब्यातला फोन

"सांगितलं तर कुणाच्या बापाचा विश्वास बसणार नाही!" गालांना साबण लावून घेता घेता बाबूतात्या म्हणाले.

गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणींना आकाश नीट ऐकू यावं म्हणून गावातले सगळे मोबाइल पत्र्याच्या डब्यांत सीलबंद केले होते. तेव्हापासून ते बंद फोन अधूनमधून वाजत आणि आतून मेलेली माणसं बोलत. डबा उघडायचा नाही, असा सक्त नियम होता.

"मी उघडला! आमची ही, तुझी गोदाकाकूच होती, हिरामण. फोन ठेवताना ‘जाते हं’ म्हणाली, संपलं. त्यात घाबरायचं काय?" तात्यांची नजर मात्र आरशातल्या दारावरून हलत नव्हती.

हिरामण न्हाव्याचा वस्तरा थबकला. "खोटं बोलताय, तात्या! काकू उभ्या जन्मात ‘जाते’ म्हणाल्या नाहीत. निघताना नेहमी ‘येते’च म्हणायच्या."