भाऊबीजेचं ताट

“ताई, ह्यांच्यापुढं तसलं काही ठेवू नका. दारू सुटून आठच महिने झालेत, आत्ता कुठं हात थरथरायचे थांबलेत,” माझी भावजय अपेक्षा माहेरी निघताना फोनवर म्हणाली होती.

मी हसले. “अगं, दारू नाय, वाईन आहे. स्पेनची लाल, स्वस्तात मिळाली. मटणासोबत घेतात म्हणे, नेटवर वाचलं.”

संध्याकाळी मी इंद्रजीतला ओवाळलं. नान आणि मटणाचा खलिया वाढलेल्या ताटाशेजारी ग्लास ठेवला. माझं लेकरू त्याच्या मांडीवर होतं.

“ताई, एवढं नको ना.”

“घोटभर रे. खलियासोबत लई छान लागते.”

भाऊबीजेला बहिणीनं वाढलेलं परत करायचं नाही, ही आमच्या घरची रीत. त्यानं लेकराला खाली ठेवलं आणि ग्लास संपवला. दुसरा त्यानं स्वतःच भरून घेतला.

आज पाच दिवस त्याचा फोन बंद आहे, आणि अपेक्षाला विचारायला मला तोंड नाही. तुम्ही आमच्या शहरात टीव्ही सेंटर भागाकडं राहत असाल, तर त्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन या. उघडं असेल तर काहीतरी दुरुस्तीला द्या, आणि तो स्क्रू काढत असताना त्याचे हात तेवढे बघा.