किकचा दांडा

"किकचा दांडा कुठाय?" मी पोर्चमधूनच ओरडलो.

वडिलांची जुनी विलायती मोटरसायकल माझ्या दीड वर्षाच्या खटपटीनंतर आज पुन्हा उभी राहिली होती. इंजिन बसवून झालं, टाकी रंगली, पेट्रोलही भरून झालं; फक्त दांडा गायब. माझ्या हृदयाच्या बायपासनंतर डॉक्टरांनी मला किक मारायला सक्त मनाई केली होती, म्हणजे तो कोणी लपवला ते उघडच होतं. मी माळा उपसला, कपाटं उपसली आणि चरफडत गाडीभोवती फेऱ्या मारत राहिलो.

शेवटी बायको बाहेर आली. पिठाच्या डब्यातून काढलेला दांडा तिनं ओढणीला पुसला, जागेवर बसवला आणि पान्यानं आवळला. मी पाय उचलला, तशी म्हणाली, "लांब व्हा."

"अगं, किक उलटी आली तर पाय मोडेल!"

"स्पार्क मागे घेतला नाही तर ना? दीड वर्ष तेच ऐकतेय."

ठिणगी उशिरा पडून किक उलटू नये म्हणून तिनं हँडलवरचा स्पार्कचा खटका मागे घेतला, ओढणी कमरेला बांधली आणि अंगाचा सगळा भार टाकला. दुसऱ्या किकला गाडी धडधडू लागली. मी हँडलकडे हात नेला, पण ती आधीच सीटवर बसली होती.

"गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, बरोबर? बसा मागे. आणि रस्ताभर शिकवू नका."