गरोदर बायकांसाठी कीर्तन

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालची, जासईची गोष्ट. दवाखान्यातली पोस्टरं कोणी वाचेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आमच्या कीर्तनकार बुवांनाच गळ घातली. देवळाबाहेरच्या फळ्यावर आधीच विषय लागला: ‘गरोदरपण आणि हृदयविकार’.

कीर्तन काय रंगलं म्हणून सांगू! पाय सुजतात, छाती धडधडते, आडवं झालं की श्वास कोंडतो, बुवा गाऊन सांगत होते. घरचे म्हणतात, ‘दिवसच तसे आहेत’, आणि आख्यानातली ती पोर बाळाचं तोंडही न बघता जाते. अख्खं देऊळ रडलं. सगळ्यांत मोठा हुंदका पुढच्या रांगेतल्या पुतळाकाकूंचा.

आरतीआधी बुवांनी विचारलं, "माझ्या गरोदर लेकी कुठं बसल्यात? जरा पुढे या."

कोणीच उठलं नाही.

पुतळाकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "नाय ओ बुवा, एक पन नाय आनली. पोटुशीनं असलं अभद्र आयकू नये, म्हनून फळा वाचल्याबरोबर सगल्यांनी सुना घरीच ठेवल्या. माझ्या सुचिताला तर आडवं झालं का श्वासच घेववत नाय, भिंतीला टेकून बसते बिचारी. हे आयकून उगाच टेन्शन घेतलं असतं तिनं!"



बुवांनी आरतीचं ताट बाजूला सारलं आणि काकूंचा मुलगा मागे टाळ धरून उभा होता, त्याला म्हणाले, "हरेश, टाळ खाली ठेव. देव थांबेल, तू गाडी काढ."