पायगुण

नवऱ्याला कानोकान खबर न लागू देता भाची एकच बॅग खांद्याला लावून आत्याकडे पळून आली होती. आत्याचा पत्ता नवऱ्याला ठाऊक नव्हता, तेवढाच काय तो आधार.

आत्याला नाद रेडिओचा. कुठल्याशा बेटावर कुणी लावून ठेवलेल्या इवल्याशा बीकनची, म्हणजे आपोआप खुणेचा सिग्नल सोडत राहणाऱ्या यंत्राची, टिकटिक ती हेडफोन लावून तासन्‌तास शोधायची.

“तुझा पायगुण चांगला गं!” आत्या म्हणाली. “काल तू आलीस आणि हा नवा पाहुणा ऐकू यायला लागला. आवाज बघ किती बारीक! सातासमुद्रापलीकडचा असणार.”

भाची कितीतरी दिवसांनी हसली.

पण लांबचे असे सिग्नल ऊन चढलं की मावळतात. हा भरदुपारीही तसाच ऐकू येत होता. आत्याने दिशा शोधायची तारेची चौकट हातात घेतली. भाची कालपासून जवळच बाळगलेली बॅग सावरत खिडकीपासून दारापर्यंत गेली, आणि टिकटिक पकडून ठेवायला आत्याला चौकट तिच्यामागोमाग वळवावी लागली.

आत्याने बॅग ओढून घेतली आणि तळ चाचपला. अस्तराखाली काहीतरी चपटं, कडक लागलं.

“हा तळ कुणी शिवला?”

“त्यानेच शिवून आणला. मी निघायच्या आदल्या दिवशी. म्हणाला, आता कितीही लांब जा, उसवायचा नाही.”