हार्डली वॉश्ड

"उद्यापासून धुणाऱ्या बायकांनी यायचं न्हाई," शंभूराज म्हणाले आणि हातातला कागद त्यांनी टेबलावर टाकला. "नेदरलँडच्या बाईनं माल नाकारलाय. न धुतलेला बेदाणा आमी घेत न्हाई म्हणती."

तासगावच्या त्या शेडमध्ये बेदाणा धुणारे हात थांबले. भामाबाई हौदापासून उठून पुढं आली. धुणाऱ्या अकरा बायकांची ती मुकादम. दिवसभर पाण्यात राहून तिच्या बोटांची कातडी पांढरी पडली होती.

"आवं मालक, तीन पाणी काढतो आमी. तळाला खडा ऱ्हाऊ देत न्हाई."

"मग पाठवलेल्या नमुन्यात घाण घावल्याबिगर ती नाकारंल व्हय?"

मागं उभ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. हंगामाचा अजून दीड महिना बाकी होता.

रुक्सार भिंतीकडेला बेदाणा निवडत बसली होती. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, शिक्षकाच्या परीक्षेत एकदा नापास झालेली, आणि आता दुसऱ्यांदा अभ्यास करता करता हंगामापुरती कामाला येणारी. निवडायला तिला भामाबाईनंच शिकवलं होतं. ती उठली.

"मालक, त्या बाईचं उत्तर मी वाचू का?"

शंभूराजांनी कागद तिच्याकडं सरकवला. पहिल्याच ओळीत ती अडकली. 'ॲज यू राइट,' असं त्या बाईनं म्हटलं होतं. म्हणजे, तुम्हीच लिहिलंय त्याप्रमाणे. नमुन्यात घाण सापडल्याचा तर कुठं उल्लेखच नव्हता.

"आपण काय लिहिलं होतं?" तिनं विचारलं.

"मीच लिहिलंय. बघ की." आपल्या इंग्रजीचा शंभूराजांना अभिमान होता. त्यांनी मोबाइल पुढं धरला.

रुक्सारनं वाक्य मोठ्यानं वाचलं. 'द रेझिन्स आर हार्डली वॉश्ड बाय क्लीन वॉटर विथ इलेव्हन विमेन.' ती पुन्हा वाचायला लागली, या वेळी एकेका शब्दावर बोट ठेवत.

"मालक, तुमाला काय म्हणायचं होतं?"

"कसून धुतो. हार्ड म्हणजे जोर लावून. साधी गोष्ट हाय."

"हार्ड म्हणजे जोर लावूनच. पण मागं 'ली' लागला की जेमतेम. धुतल्यासारखं करतो, असं झालंय हे."

रुक्सारला आता थांबवत नव्हतं. परीक्षेत हेच प्रश्न तिला खिंडीत गाठायचे, आणि आज मात्र एकेक उत्तर जिभेवर आपोआप येत होतं.

"आणि 'बाय'च्या पुढं काम करणारा येतो. 'विथ'च्या पुढं ज्यानं काम करायचं ते. तुमच्या वाक्यात पाणी धुतंय, आणि या अकराजणी बादल्या झाल्यात."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. भामाबाई हसली नाही. "आमी बादल्या?" तिनं विचारलं.

"वाक्यात, मावशी. वाक्यात."

शंभूराज खुर्ची ओढून बसले. "मग काय लिहू?"

"हार्डली काढा. थरोली घाला, म्हणजे कसून."

त्यांनी तो शब्द वाक्याच्या शेवटी, बायकांच्या मागं टाकला. रुक्सारनं मान हलवली. "तिथं तो फार लांब पडतो. कसून काय केलं, ते धुण्याजवळच दिसू दे. 'आर' आणि 'वॉश्ड'च्या मधी घाला."

आता पडद्यावर नवं वाक्य उभं राहिलं. 'द रेझिन्स आर थरोली वॉश्ड विथ क्लीन वॉटर बाय इलेव्हन विमेन.' रुक्सारनं ते एकदा मनात वाचलं, एकदा ओठांवर. कुठंच खटकलं नाही. शंभूराजांनी ते पाठवलं. हौदापाशी कुणी परतलं नाही. सगळ्याजणी टेबलाभोवतीच उभ्या राहिल्या.

दहा मिनिटांत फोन आला. शंभूराजांनी आवाज मोठा केला. पलीकडची बाई भरभर बोलत होती, मध्येच हसत होती. रुक्सार ऐकत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता. नमुना त्यांना मनापासून आवडला होता. अडचण फक्त त्या वाक्याची होती. माल पाठवा, ती म्हणाली.

"घेतला," रुक्सार भामाबाईच्या कानाशी म्हणाली. भामाबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

तेवढ्यात फोनवरच्या बाईनं विचारलं, पहिलं पत्र असं कसं काय गेलं?

शंभूराज घसा साफ करून म्हणाले, "अ मिस्टेक वॉज मेड."

"काय म्हणालं गं मालक?" भामाबाईनं हळूच विचारलं.

"चूक केली गेली, म्हणाले."

"कुणी केली?"

"ते न्हाई सांगितलं. इंग्रजीत न सांगता चालतं."

रुक्सार हळूच बोलली होती, पण शेडमध्ये इतकी शांतता होती की ते शंभूराजांपर्यंत पोचलंच. त्यांनी मान वर केली. समोर अकरा बायका उभ्या होत्या. मघाशी या बायकांना काय सुनावलं, ते त्यांना आठवलं असावं, कारण त्यांची नजर पुन्हा खाली गेली. पलीकडची बाई ठीक आहे म्हणून फोन ठेवायच्या बेतात होती.

"वन मिनिट, मॅडम," शंभूराज फोनवर वाकले. "बाय मी."