खिशातला पाना

सुट्टीत कुणाच्याही नळाला हात लावणार नाही, अशी बायकोची शपथ घेऊनच प्लंबर निघाला होता. मागची सुट्टी हॉटेलची टाकी दुरुस्त करण्यात गेली होती. आता भर पावसात, जंगलातल्या धबधब्यासमोर तो शहाण्यासारखा हात बांधून उभा होता. “बाबा, हे कुठून गळतंय?” लेकीने विचारलं. झालं. गळतीचं मूळ सापडल्याशिवाय त्याने कुणाचं घर सोडलं नव्हतं. वर जाणारी पायवाट दिसताच त्याचे पाय वळले, तसा बायकोने रेनकोट पकडला. खिसा जड लागला. आतून पाना निघाला. “शपथ घेतली होतीत ना?” “नळाला हात लावलाय का? नुसता सोबत आणलाय,” तो पुटपुटला. तिने पाना पिशवीत टाकला, मान वर करून धुक्यातून कोसळणारं पाणी बघितलं. “पण येतं तरी कुठून एवढं?” म्हणत लेकीचं बोट धरून पहिली तीच चढली.